भालदाराचा खाका

आमच्या गावचा एक फिटर भिवंडीला लूम बसवायला गेला होता. परतला तो थेट आमच्या ओट्यावर येऊन बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, की तुमच्या दादाला भिवंडीत पाहिलं. मी विचारलं, कुठं? तो म्हणाला, "भिंतीवर."

मला वाटलं, पिऊन आलाय. मी त्याला चार शब्द सुनावले, तोही तावातावानं उठून गेला. पण तोवर आतून वहिनी दाराशी येऊन उभी राहिली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एका सकाळी सूत आणायला म्हणून घरातून निघाला आणि परत आला नाही. मला तेव्हा धड मिसरूडही फुटलं नव्हतं. घरात आई, नुकतीच लग्न होऊन आलेली वहिनी आणि एक हातमाग. माग विकला गेला. मी लूमवाल्यांच्या दारामागं पडलेलं वेस्ट सूत गोळा करायचो आणि मोटारींच्या गॅरेजना हात पुसायला विकायचो. तिथून सुरुवात करून पुढं चार लूम उभे केले ते मी. कुणी हात दिला नाही, कुणी शब्द टाकला नाही. घासाघीस करून, भांडून, लोकांच्या शिव्या खाऊन केले.

आणि आमच्या घरात दसऱ्याला, पाडव्याला पहिला पाट मांडला जाई तो दादाचा. रिकाम्या पाटापुढं पान वाढलं जाई, भातावर वरण, वरणावर तूप, आणि मग तुपाची वाटी माझ्याकडे वळे. आई मरेपर्यंत म्हणत होती, थोरला असता तर. थोरला नव्हता म्हणून तर सगळं चाललं होतं, आणि चालवणारा समोर बसून जेवत होता. तो सल मी अजून काढलेला नाही.

त्या वर्षी दादाला जाऊन बारा वर्षं होत होती. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर आमच्याकडे तो गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, सुतक पाळतात. आणि त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात. भटजींनी ज्येष्ठातला दिवस काढून दिला होता. मी खोटं कशाला सांगू, मला तो दिवस हवा होता. एकदा त्याचं जे काय व्हायचं ते होऊन जावं, तो पाट उचलला जावा, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "भावजी, आधी ती भिंत बघून या. ते गेले असं तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा, मी माझ्या हातानं कुंकू पुसते. पंचांगाच्या सांगण्यावरून नाही पुसणार."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. नवं लुगडंसुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी निघालो.

कल्याणहून एस.टी.नं भिवंडीत उतरलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. एक लूम चालू असला की कानांना ऐकू येतो. गावभर लूम असले की तो आवाज कानांतून उतरून पायांत जातो. मी स्टँडबाहेर एका भिंतीला टेकलो तर माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. आमच्या गावी लूम होते, पण तिथं भिंती भिंतींसारख्या उभ्या असत. इथल्या जिवंत होत्या.

आणि त्या भिंतींवर जागा म्हणून रिकामी नव्हती. बिड्या, साबण, चहा, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, आणि गल्लीत शिरलं की लग्नं. लग्नसराईच होती. इथं लग्नघराच्या दाराच्या दोन्ही अंगांना भालदार-चोपदार काढायची रीत दिसली. पांढऱ्या चुन्यावर माणसाएवढे, फेटा, अंगरखा, लाल जोडे. एकाच्या हातात भाला, दुसऱ्याच्या हातात काठी, आणि दोघांचीही तोंडं दाराकडे वळलेली. दारावर गणपती, खाली नवरानवरीची नावं. लग्न होऊन गेलं तरी ते कुणी पुसत नाही. पाऊस जेवढं नेईल तेवढं नेतो, बाकीचं राहतं. त्यामुळं एका गल्लीत ताजे भालदार असतात, फिकट झालेले असतात, आणि नुसता फेटा उरलेलेही असतात.

चेहऱ्यांकडे माझं आधी लक्ष गेलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे मात्र लोकांचं गेलं होतं. चहावाल्यानं कप पुढं केला तो सोडलाच नाही, मला तो त्याच्या हातातून ओढून घ्यावा लागला. एक बाई डोक्यावर हंडा घेऊन येत होती. ती थांबली, हंडा खाली ठेवला, पदर सारखा केला आणि मी जाईपर्यंत भिंतीला लागून उभी राहिली. मी रागानं मागं वळून पाहिलं तर अजून तिथंच. माझ्या मनात आलं, परगावचा माणूस दिसला की हे लोक असेच बघत असतील. पण परगावची माणसं त्या गावात पायलीला पन्नास होती. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

पुढच्या गल्लीत एका ओट्यावर म्हातारी बसली होती. तिनं हात डोळ्यांवर धरून मला न्याहाळलं आणि विचारलं, "आलास का रं परत?"

मी सांगितलं, आजी, मी या गावात आयुष्यात पहिल्यांदा येतोय.

मान आत वळवून घरातल्या कुणाला तरी म्हणाली, "बोलतोय बी."

तेव्हा मी तिच्या घराची भिंत पाहिली. दाराच्या डाव्या अंगाला भालदार उभा होता. नाक आमच्या वडिलांचं, म्हणजे दादाचं, म्हणजे माझं. हनुवटी तीच. कपाळ तेच. आम्ही दोघं भाऊ एका साच्यातले, लहानपणी लोक फसायचे. भुवईच्या मधोमध एक काप होता, केस न उगवलेली पांढरी फट. दादाच्या भुवईला तसाच काप होता. मागावरचा धोटा सुटून त्याला लागला तेव्हा मी शेजारी होतो, रक्त मी माझ्या सदऱ्यानं पुसलं होतं.

पण दादाचा काप डाव्या भुवईला. हा माणूस आपली उजवी बाजू दाखवून उभा होता, आणि काप उजव्या भुवईला होता. म्हणजे हा तो नव्हे. मी परत परत पाहिलं. उजवीच. दुसऱ्या अंगाच्या चोपदारावर सरकारी रंगाऱ्यानं लाल त्रिकोण फासला होता, त्याचे फक्त जोडे दिसत होते. मी मनात म्हटलं, झालं, फिटर गाढव आहे, आता घरी जाऊ आणि सांगू.

गल्ली ओलांडली आणि पुढच्याच घराशी दोघंही शाबूत भेटले. समोरासमोर तोंडं. डावीकडच्याचा काप उजव्या भुवईला, उजवीकडच्याचा डाव्या. मी कापडाच्या धंद्यातला माणूस. सुलटं आणि उलटं मला शिकवायला नको. एकाच कागदावरून दोन्ही काढलेले होते, एकदा सरळ धरून, एकदा उलटा करून. एक बाजू खोटी होती आणि एक खरी. खऱ्या बाजूला दादा उभा होता.

नंतर मी किती गल्ल्या हिंडलो ते आता सांगता येणार नाही. कुणाला विचारावं लागत नव्हतं. एका दारातून तो मला पुढच्या दाराकडे लावून देत होता. काही घरांना दुसऱ्या कुणाचे भालदार होते, गोल तोंडाचे, बाहुल्यांसारखे. ते मी सोडून देत होतो. त्याच्या भिंती मला लांबूनच कळायला लागल्या. एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. जुन्या, फिकट भिंतींवर त्याची रेघ कोरल्यासारखी होती, तो घरातून गेला तेव्हा दिसायचा तसा. जेवढी भिंत ताजी तेवढा तो बिघडलेला. ओठ जाड झालेले, पापणी ओघळलेली, हनुवटीखाली एक घडी. रंग जसा ताजा, तसा माणूस म्हातारा. जणू त्या भिंतींवर राहून राहून त्याचं वय होत होतं.

आणि तो हलत होता. ह्याला भ्रम म्हणणाऱ्यानं कारखान्याला लागून असलेल्या भिंतीपुढं उन्हात उभं राहून पाहावं. लूमच्या ठोक्यांनी चुना थरथरतो. अंगरख्याची छाती वरखाली होताना दिसते. मी एका ठिकाणी तिच्यावर तळहात ठेवला. आतून धडधड लागली, आणि मी हात चटका बसल्यासारखा काढून घेतला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बारा वर्षं लोकांच्या दारामागचा कचरा उचलला, आईला खांदा दिला, ह्याच्या बायकोला सांभाळलं. आणि हा इथं जरीचा फेटा बांधून परक्यांच्या लग्नांत उभा. दारात शिरणारा जो तो ह्याला बघून आत जातो. मी खाली वाकून दगड उचलला.

दारातून एक बाई धावत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "भाऊ, नका हो. उद्या लेकीची हळद आहे. त्याला लागलं तर अपशकुन होईल." भिंतीला लागलं तर, असं ती म्हणाली नाही. त्याला, असं म्हणाली. मी दगड टाकला. हे कुणी काढलं म्हणून विचारलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघणं टाळत सांगितलं, की कामतघरला जा, तळ्याच्या बाजूला, तिथं पेंटर म्हटलं की कुणीही दाखवील.

कामतघरला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. चाळी, चाळींच्या मध्ये लूमच्या शेडी, आणि त्यांतल्या एकीला पाठ लावून एक बैठं घर. घराच्या ताज्या सफेदी केलेल्या भिंतीशी एक हडकुळा माणूस माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्यानं भिंतीला एक कागद चिकटवला होता आणि कोळशाच्या पुडीनं भरलेली फडक्याची पुरचुंडी तो त्या कागदावर हलक्या हातानं आपटत होता. धप, धप, धप. कागदाला सुईनं बारीक भोकं पाडलेली असतात. पूड भोकांतून भिंतीवर उतरते. मग कागद काढला की खाली ठिपक्याठिपक्यांचं चित्र राहतं आणि त्यावरून रंगाची रेघ फिरवतात. त्या कागदाला ते खाका म्हणतात.

त्यानं खाका उचलला. पांढऱ्या भिंतीवर दादा उमटलेला होता, नुसत्या काळ्या ठिपक्यांचा. फेटा नाही, अंग नाही. मुंग्यांनी मिळून माणसाचं तोंड केलं असावं तसा.

मी पेंटरला हाक मारली, तीही चांगल्या शब्दांत नसावी. तो वळला. पुरचुंडी त्याच्या हातातून पडली आणि ओट्यावर काळं झालं. तो जवळ आला, आपलं काळं बोट त्यानं माझ्या डाव्या भुवईवरून फिरवलं, आणि श्वास सोडला.

"न्हाय. काप न्हाय. तुमी धाकटं."

मी त्याचा हात झटकला आणि विचारलं, मला ओळखतोस कसा?

"त्यो सांगायचा. म्हनायचा, माझा धाकटा येईल एक दिवस. रागानं येईल, आनि आल्या आल्या भाव करील."

हे ऐकून माझा राग दुप्पट झाला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. दादा कुठं आहे ते सांग, एवढंच मी म्हणालो.

त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. दादा ह्याच्याच ओट्यावर राहायला होता आणि मागच्या शेडीत लूम चालवायचा. घरची गोष्ट काढत नसे, माझी सोडून. एका लग्नसराईत पेंटरला नवा भालदार हवा होता, तेव्हा त्यानं दादाला उन्हात उभं करून खाका काढला. तो चेहरा लोकांना आवडला. तो दारात असताना लग्न लागलं की घरात भांडण होत नाही, असंही कुणी तरी उठवलं. मग एका सुटीच्या दिवशी, उभं राहून राहून सुजलेले पाय गरम पाण्यात सोडायला दादा वज्रेश्वरीला गेला. संध्याकाळच्या बसनं येतो म्हणाला होता. आला नाही. पेंटर दुसऱ्या दिवशी शोधायला गेला. कुंडाच्या पायरीवर एक सदरा वाळत पडला होता. दादाचा असेल, नसेलही. लूमवाल्यांचे सदरे सगळे सारखेच. लोकांना विचारलं. कुणी पाहिला नव्हता, कुणी बुडाला नव्हता.

"मग मेला म्हणायचा का जिवंत?" मी विचारलं.

"आमच्या धंद्यात मेलेल्याचा खाका लग्नघराला लावत न्हायत. मी लावतोय."

"म्हणजे जिवंत आहे?"

"मी लावतोय. येवढंच मना म्हाईत हाय."

मी त्याला म्हणालो, की हे उत्तर घेऊन मी घरी जाऊ शकत नाही. एक बाई कुंकवावर हात ठेवून बसली आहे. तो म्हणाला, की बसू द्या की, त्यात तुमचं काय जातं? माझं काय जात होतं ते ह्या माणसाला कुठून सांगणार?

मग मी भाव करायला बसलो. मला तो खाका हवा होता. माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं, की पळसाच्या पुतळ्याला तोंड नसतं, त्याला हे तोंड लावायचं आणि अग्नी द्यायचा. इथली भिंतही थांबेल, घरचा पाटही उठेल. पुतळ्याचं सांगून मी पैसे म्हणालो, तो हसला. मी वाढवत गेलो, तो चहा मागवत गेला. लग्नं अंगावर आहेत, भालदार नसला तर मी दारं रिकामी सोडू का, असं त्याचं चाललं होतं. मी आयुष्यभर भल्याभल्यांशी सौदे केलेत. समोरच्याला काय हवंय ते कळलं की सौदा अर्धा झाला. ह्याला काय हवंय ते मला कळेना.

शेवटी तोच माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "जाळाया नेताय ना त्याला? न्या. पन त्याच्या जागी उभं कोन र्‍हाईल?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"तुमी र्‍हावा," तो म्हणाला. "तोंडाला तोंड."

मला तो सौदा स्वस्तातला वाटला. त्या दुपारी मला खरंच वाटलं, की ह्यात माझ्या खिशातून काय जातंय?

त्यानं भिंतीवर कोरा कागद लावला आणि मला ऊन आणि भिंत यांच्या मध्ये आडवं उभं केलं, डावा गाल उन्हाकडे. माझी सावली कागदावर पडली. नाक, कपाळ, हनुवटी. पलीकडच्या शेडीतल्या लूमनी भिंत थरथरत होती आणि सावलीच्या कडेला पेन्सिल टेकत नव्हती, निसटत होती. बाजूला दादाचं ठिपक्यांचं तोंड त्याच भिंतीवर, माझ्या सावलीकडे बघत. दोघांच्या नाकांमध्ये वीतभर अंतर असेल.

तेवढ्यात वीज गेली.

एका शेडीतली नाही, गावातली. सकाळपासून पायांत चढलेली खडखड एकदम कुणी उपसून घ्यावी तशी नाहीशी झाली. इतकी शांतता मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकली नाही. तळ्यावरचे कावळे ऐकू आले. कुठं तरी कुणी खोकलं. भिंत गप्प झाली, छाती थांबावी तशी. आणि पेंटर अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "हां. आता हलू नका."

पेन्सिल माझ्या कपाळावरून, नाकावरून, ओठांवरून कागदावर फिरली. ती मला कातडीवर लागली. नंतर त्यानं कागद घोंगडीवर पसरला आणि सुईनं टोचत बसला. टक, टक, टक. तेवढाच आवाज सगळ्या कामतघरात. डोळा भरला, मिशी भरली, आणि डाव्या भुवईपाशी आल्यावर त्यानं मध्ये जागा सोडून पुढं टोचायला सुरुवात केली. मी म्हणालो, की माझ्या भुवईला काप नाही.

"भालदाराला हाय. लोकांना म्हाईत हाय," तो मान वर न करता म्हणाला. "काप न्हाय दिसला तं इचारतील, जुना कुटं गेला?"

वीज आली. भिंत दचकून परत धडधडायला लागली, आणि ठिपक्यांचं ते तोंड, अजून रंगात न बसलेलं, थोडं थोडं झडायला लागलं. ओठाखालची पूड सुटून खाली आली. मला ते बघवेना. पेंटरनं आतून एक गुंडाळी आणली, वर्तमानपत्रात बांधली, वेस्ट सुतानं आवळली आणि माझ्या हातात दिली. सुताचं एक बाचकं घेताना मी दहा जागी ताणून बघतो. ती गुंडाळी मी उघडून पाहिली नाही. मला तिथून फक्त निघायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा वहिनी ओटा सारवत होती. शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली. वाटेत मी शब्द जुळवून ठेवले होते. सांगायचं, की पेंटर भेटला, दादा गेल्याचं त्यानं सांगितलं, हे तोंड पुतळ्याला लावा. कुंडाच्या पायरीवरचा सदरा तर होताच. पण मी बोलायच्या आधी तिनं हात धुतले आणि गुंडाळी मागितली.

तिनं कागद जमिनीवर पालथा पसरला आणि भोकांवरून हळूहळू बोटं फिरवली. सुई ज्या बाजूनं बाहेर येते त्या बाजूला कागद बारीक उचललेला असतो.

"खुंट टोचतात," ती म्हणाली. "दाढी केली नव्हती वाटतं त्या दिवशी." आणि इतक्या वर्षांनी ती हसली.

मी खाली बसून त्याच जागेवर बोट फिरवलं. टोचलं. जो कागद वर्षानुवर्षं भिंतीवर दाबला गेला, ज्याच्यावर शेकडो वेळा पुरचुंडी आपटली, त्याचे खुंट कुठून राहणार? तो मऊ पडलेला असायला हवा, भोकं काजळीनं बुजलेली, कडा फाटलेल्या. हा कागद कोरा करकरीत होता. ह्याला आदल्या दुपारी माझ्यासमोर सुई लागली होती. पेंटरनं दादाला ठेवून घेतलं होतं आणि मला माझंच तोंड बांधून दिलं होतं. मी ते पुतळ्याला लावून जाळलं असतं तर कुणाला जाळलं असतं, हे त्या बनेल माणसाला पुरतं ठाऊक होतं.

वहिनीला हे कळायचं काही कारण नव्हतं. तिनं मला विचारलं, की ह्याचं करतात काय? मी कसं करतात ते सांगितलं. आवाज माझाच होता, पण लांबून येत होता. तिनं चुलीतला कोळसा वाटला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला, कागद दाराच्या उजव्या अंगाला धरायला लावला आणि पुरचुंडी मारली. धप, धप, धप. कागद काढला. भिंतीवर मी होतो, डाव्या भुवईत काप घेऊन, दाराकडे तोंड करून.

वहिनीनं डोक्यावरून पदर घेतला.

"हेच ते," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आता सांगा भावजी. गेले का?"

माझ्या तोंडासमोर माझं तोंड होतं. एक शब्द बोलायचा होता. आमच्या घरामागं लूम नव्हते, भिंत हलायचं कारण नव्हतं, तरी त्याच्या ओठाखालची पूड जराशी सुटून खाली आली.

"नाही," मी म्हणालो. "आहेत."

ज्येष्ठातला विधी झाला नाही. भटजी रागावले, भावकीनं तोंडं वाकडी केली, मी सगळ्यांशी भांडलो. वहिनीनं शेवटपर्यंत कुंकू लावलं आणि सवाष्ण गेली. दर दसऱ्याला दादाचा पाट पहिला मांडला गेला, आणि त्याआधी तिनं दाराशी जाऊन त्या तोंडाला हळदकुंकू वाहिलं. मी दुसऱ्या पाटावर बसून माझ्याच तोंडाखाली जेवत राहिलो. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, की भाऊजी अगदी तुमच्यासारखे दिसायचे का हो? मी हो म्हणालो आणि पोळी मागितली.

भिवंडीला मी परत गेलो नाही. पेंटरला जाऊन जाब विचारावा असं पुष्कळदा मनात आलं. पण त्याच्या भिंतींवर दादाच राहिला, हे फिटरकडून कळत असे. फार म्हातारा दिसतो आता, फिटर म्हणायचा, ओठ तर ओळखू येत नाहीत. म्हणजे पेंटर अजून लावत होता. मला जे हवं होतं ते त्यानं दिलं नाही, आणि मी दिलेलं वापरलंही नाही. तिथं दादा आणि इथंही दादा, आणि माझं तोंड फुकट गेलं. असा सौदा मी दुसरा केला नाही.

दर दिवाळीला घराला सफेदी होते आणि ते तोंड चुन्याखाली जातं. आधी वहिनी पुन्हा उमटवायची. आता ती नाही. कागद मऊ पडलाय, भोकं मोठी झालीत, पाठीवरून बोट फिरवलं तर खुंट लागत नाहीत. भिंतीवर उमटतं ते दर वर्षी थोडं वेगळं उमटतं. पापणी ओघळते, हनुवटीखाली घडी पडते. मुलं म्हणतात, बाबा, आता राहू द्या की.

मी चुना वाळेपर्यंत थांबतो. मग पुरचुंडी मारतो, आणि काप डाव्या भुवईवर येईल असाच कागद धरतो.